खुळखुळेवाला विलायतेत

आमच्या घरात तीन पिढ्या बँड आहे. लग्नाचा बँड. घोरावाडी स्टेशनावरून चालत दहा मिनिटांवर घर, त्यात दोन खोल्या माणसांना आणि एक मोठी खोली वाद्यांना. लहानपणी मी त्या मोठ्या खोलीत भोंग्याच्या, म्हणजे बँडमधल्या सगळ्यात मोठ्या पितळी वाद्याच्या, शेजारी झोपायचो. पाहुणे वाढले की मला उठवून ओट्यावर पाठवत. भोंग्याला कधी कुणी हलवलं नाही. घरातलं आपलं स्थान मला त्यामुळे फार लवकर कळलं.

अब्बा, म्हणजे माझे वडील, बँडमास्तर. क्लॅरोनेट वाजवतात. तळेगावपासून लोणावळ्यापर्यंतचे निम्मे संसार आपल्या फुंकरीनं सुरू झाले असं ते सांगतात. त्यातले जे मोडले त्यांच्या लग्नात डीजे होता, असंही तेच सांगतात. थोरला भाऊ ट्रम्पेट वाजवतो, चुलते ढोल वाजवतात आणि मी खुळखुळा वाजवायचो.

हसू नका. बाळाच्या हातात असतो तो वेगळा. बँडमधला खुळखुळा चांगला नारळाएवढा असतो, खाली दांडा, आत खडे, आणि खडे बाहेर पडू नयेत म्हणून तळाला बूच. दोन हातांत दोन घ्यायचे आणि बँडच्या पुढे चालत हलवायचे. ज्याला काही येत नाही पण ज्याला घरी ठेवताही येत नाही, अशा एकाला प्रत्येक बँडमध्ये हे काम देतात. मला ते सातवीत असताना मिळालं. त्याआधी क्लॅरोनेट देऊन पाहिलं होतं, तेव्हा शेजारच्या मावशी कुणाला विंचू चावला का विचारायला आल्या. साईड ड्रम देऊन पाहिला, तर एक काठी हातातून सुटली आणि थेट जिलबीच्या पाकात पडली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण मी अंगणाला कधी दोष दिला नाही. मला मनापासून वाटायचं की मी बरोबर वाजवतोय आणि बाकीचा बँड चुकतोय.

वाद्यं कुलपात असत. वरातीला निघताना अब्बा पेटीतून खुळखुळे काढून माझ्या हातात देत आणि वरात संपली की लगेच काढून घेत. घरी सराव करायला बंदी होती. "वाजवून झिजत्यात," असं ते म्हणत. मला ते पटायचं. मी वाजवायचोही तसाच, जीव तोडून. खुळखुळेवाल्यानं अधूनमधून उलटं चालत नाचायचं असतं. लोहगडवाडीच्या एका लग्नात मी उतारावर उलटा नाचत नाचत किल्ल्यावर जाणाऱ्यांसाठी थाटलेल्या भज्यांच्या टपरीत शिरलो. भजी सांडली नाहीत, मी सांडलो. पण पडल्या पडल्याही दोन्ही हात हलत होते, हे तिथल्या मावशींनी स्वतः पाहिलंय.

अब्बांच्या बँडचा एक नियम फार कडक. वाटेत कुणाच्या दारात मयत असेल तर बँड शंभर पावलं आधी बंद. नवरदेव घोड्यावर असो, मुहूर्त टळत असो, पुढारी नाचत असो. अब्बा हात वर करतात, ढोलाचे दोन ठोके पडतात आणि सगळं गप्प होतं. टोप्या काढायच्या, माना खाली घालायच्या आणि ते घर मागं पडेपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही. आंबीत एकदा असंच झालं. मी पुढे नाचत होतो, मला अब्बांचा हात दिसला नाही, ठोके कळले नाहीत. सगळा बँड थांबला आणि मी एकटा हलवत राहिलो.

पण आवाज आला नाही. मी हलवतोय आणि आवाज नाही! माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, दुःखाचा मान इतका मोठा असतो की त्याच्या दारात खुळखुळासुद्धा आपणहून गप्प बसतो. ही आठवण मी पुढे कॉलेजात भाषण स्पर्धेत सांगितली. दुसरं बक्षीस मिळालं.

त्या दिवशी घरी आल्यावर अब्बा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "वाजवाया कुनालाबी येतं रं. थांबायचं कुटं ते कळाया पायजे." बोलताना ते माझ्याकडे बघत होते. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

पुढे मी आंबीतल्याच एका कारखान्यात मशिनरीच्या देखभालीला लागलो, आणि तिथून दोन वर्षांसाठी मला त्यांच्या इंग्लंडमधल्या कारखान्यात पाठवायचं ठरलं. घरात आनंद झाला. अम्मीनं लोणच्याच्या बरण्या भरल्या, भावानं लोणावळ्याहून चिक्की आणली. मी म्हटलं, मला खुळखुळे पाहिजेत, आठवण म्हणून. अब्बा एकदम गडबडले.

"त्ये कशाला? वजन हुतंय."

"अब्बा, अर्धा किलोसुद्धा न्हाई."

"अरं, तितं मिळतील की. इंग्रजांचाच बँड हाय मुळात."

मी हट्टाला पेटलो आणि घेतलेच. मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून माझी पिशवी पलीकडे गेली आणि परत आली. तिथला जवान मराठीच निघाला. त्यानं एक खुळखुळा हातात घेऊन कानाशी हलवला.

"हे काय?"

"खुळखुळा."

"वाजत नाही."

"वाजतो की, आणा इकडे." मी घेतला, आमच्या पद्धतीनं मनगट झटकून हलवला. आवाज नाही. दुसरा हलवला. तोही गप्प. आजूबाजूला ढोल नव्हता, ट्रम्पेट नव्हता आणि कुणाच्या दारात मयतही नव्हतं. त्यानं संशयानं बूच काढलं, आत बोट घालून फिरवलं, उजेडाकडे धरून पाहिलं. "रिकामा आहे, जा," असं म्हणून त्यानं दोन्ही माझ्या हातात दिले. मागच्या रांगेतलं एक लहान मूल हसलं, आणि मग त्याची आईही.

मी तिथूनच फोन लावला. "अब्बा, खुळखुळ्यात खडे न्हाईत."

"आँ?"

"खडे. दोन्हीत न्हाईत."

"पडलं असतील कुटंतरी."

"बूच घट्ट हाय."

"इमान सुटंल तुजं. बसून घे," म्हणून त्यांनी फोन अम्मीकडे दिला. अम्मीला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "तुज्या दुसऱ्याच लगीनसराईला काढलं बघ त्यांनी. नवरदेवाचा घोडा बुजत व्हता. तुला वाईट वाटंल म्हून न्हाई सांगितलं."

"अम्मी, म्हंजी मी अकरा वर्सं रिकामा खुळखुळा हलवला?"

"पर लय झ्याक हलवायचास," ती म्हणाली.

विमानात मी इतका चिडलो होतो की शेजारच्याचंही जेवण मागून खाल्लं. राग खड्यांचा नव्हता. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. अब्बांनी आयुष्यभर मला 'थांब', 'हळू' आणि 'ठेव ते खाली' हे तीनच शब्द ऐकवले होते. भावाला ते 'वाजीव' म्हणायचे, चुलत्यांना म्हणायचे, एकदा तर खुश होऊन मांडवात आलेल्या कुणाच्या तरी जावयाला म्हणाले होते. मला कधी नाही. मी ठरवलं, परदेशात असं काही वाजवायचं की अब्बांच्या तोंडून हा एक शब्द निघाला पाहिजे. बाकी पगारबिगार ठीक होतं.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ज्या शहरात मी राहिलो त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या एका चर्चच्या आसपास मला अजून ओळखत असतील. कारखाना सुटला की मी जिथे म्हणून काही वाजतं तिथे जाऊ लागलो. पहिल्यांदा गेलो तो एका कोपऱ्यावरच्या पबमध्ये. मी आपला संत्र्याचा रस घेऊन बसलो. एक लांब केसांचा माणूस गिटार घेऊन गात होता, इतकं दुःखी की मला वाटलं घरून काही निरोप आला असावा. ऐकणारे हातात ग्लास धरून मुकाट बसले होते. गाणं मला आवडलं, म्हणून आपल्याकडे करतात तसं मी पुढे जाऊन त्याच्या डोक्यावरून एक नोट ओवाळली आणि त्याच्या कॉलरीत खोचली. तो गायचं थांबला आणि पाठीवर काय पडलं म्हणून उड्या मारायला लागला. त्या संध्याकाळी तेवढाच एक नाच झाला.

मग एका जुन्या हॉटेलाच्या माडीवर दर बुधवारी जमणारी मंडळी सापडली. आठदहा जण गोल बसून व्हायोलिन आणि बासऱ्यांवर गावाकडच्या जलद चाली वाजवत. कुणी कुणाला काही विचारत नसे. मी खुळखुळे घेऊन त्यांच्यात बसलो आणि आपल्या पद्धतीनं हलवले. तिथे मी तीन आठवडे अतिशय लोकप्रिय होतो. इतका सभ्य वादक त्यांनी पाहिला नव्हता. एका आजीबाईंनी तर मला घरचं जॅम आणून दिलं. चौथ्या आठवड्याला माझ्यातला कलावंत जागा झाला आणि मी खुळखुळ्यांत वाटाणे भरून नेले. पाचव्या आठवड्याला माडीच्या दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती. वरून व्हायोलिनचा आवाज येत होता.

मोठ्या सभागृहातल्या मैफलीलाही गेलो. तिथे सत्तर माणसं वाजवतात आणि हजार माणसं खोकला दाबून ऐकतात. मध्येच सगळे थांबले म्हणून मी टाळ्या वाजवल्या, तर अख्ख्या रांगेनं माझ्याकडे असं पाहिलं की मला आमच्या घरचीच आठवण आली.

आणि मग एका रविवारी घरामागच्या गल्लीतून जाताना पत्र्याच्या एका लांबट शेडमधून भोंग्याचा आवाज आला. भोंगा मी कुठेही ओळखीन, त्याच्या शेजारी झोपलोय. आत पंचवीसेक माणसं खुर्च्यांवर बसून पितळी वाद्यं वाजवत होती. पुढे एक पिकल्या केसांच्या बाई छडी हलवत होत्या. कुणी शिंपी, कुणी नर्स, कुणी निवृत्त पोस्टमन. सगळे चष्मे लावून समोरच्या कागदात बघून वाजवत होते. थांबले तसं मी विचारलं, "लग्न कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही," बाई म्हणाल्या. "सराव चालू आहे."

लग्न नसताना हे लोक आठवड्यातून दोनदा जमून वाजवत होते, आणि तेही बसून! अब्बांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग खात्यात काय त्ये?"

बाईंनी मला विचारलं, काही वाजवता का? मी म्हटलं, आमच्या घरात तीन पिढ्या बँड आहे. हे खरं होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः काय वाजवता? त्यांच्या मोठ्या ढोलवाल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ढोल कोपऱ्यात मोकळाच पडून होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. हे खरं नव्हतं. पण त्यांनी लगेच पट्टा माझ्या गळ्यात घातला, आणि मी पहिल्यांदाच एक असं वाद्य धरून उभा राहिलो ज्याच्यातून काही काढून ठेवता येत नाही.

पहिल्याच सरावात बाईंनी चष्मा काढून मला विचारलं, "तुमच्याकडे हे असंच वाजवतात?" मी म्हटलं, हो, ही मावळची पद्धत आहे. मावळच्या नावावर मी तेव्हा बरंच खपवलं. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. त्यांनी न बोलता निवृत्त पोस्टमनला माझ्या शेजारी आणून बसवलं. तो भोंगा वाजवायचा. जिथे ठोका द्यायचा तिथे तो आपला बूट माझ्या बुटावर दाबायचा. पहिले दोन महिने मी लंगडत घरी जायचो. मग बूट हलका पडायला लागला. सहाव्या महिन्यात एके दिवशी सराव संपल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी त्यानं बूट दाबलाच नव्हता. तो भोंगा पुसत होता, जणू काही विशेष झालंच नाही. मी त्याला लोणावळ्याच्या चिक्कीचं शेवटचं पाकीट देऊन टाकलं. त्यानं ती चावली आणि दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे गेला.

उन्हाळ्यात त्या भागात बँडांची चालायची स्पर्धा असते. एकेका बँडनं रस्त्यानं वाजवत जायचं, आणि रस्त्याच्या टोकाला पडदे लावलेल्या गाडीत परीक्षक बसलेला असतो. तो कोण वाजवतंय ते बघत नाही, नुसतं कानानं ऐकून गुण देतो. चालत्या बँडला थांबवायचं काम मोठ्या ढोलाचं: दोन ठोके लागोपाठ दिले की सगळे बंद. बाईंनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हे मला पाठ आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला बँडबद्दल काहीतरी पाठ होतं.

मी घरी फोन केला. "अब्बा, शनवारी आमची मिरवणूक हाय. मला मोठा ढोल दिलाय."

"कुनी दिला?"

"हितल्या लोकांनी."

"त्यांनी ऐकलंय का तुला?"

"सहा महिने ऐकत्यात. फोन लावतो, बघा."

"बघू," अब्बा म्हणाले. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो. पण मागून अम्मी म्हणाली, "लाव तू. मी बसवती त्यांना टीव्हीम्होरं."

शनिवारी दुपारी आमच्या बँडनं लाल कोट, टोप्या घातल्या. मी ढोलाच्या कडेला फोन दोन रबरांनी करकचून बांधला, कॅमेरा बाहेर रस्त्याकडे आणि आवाज पूर्ण मोठा. तिकडे मावळात संध्याकाळ झाली होती. भावानं फोन टीव्हीला जोडला होता आणि आमचा अख्खा बँड, चुलते, शेजारच्या मावशी, सगळे दाटीवाटीनं समोर बसले होते. बाईंनी छडी वर केली आणि आम्ही निघालो.

चांगलं चाललं होतं हो. अगदी खोटं नाही सांगत. पावलं पडत होती, ठोके पडत होते, पोस्टमन पुढच्या रांगेत होता आणि माझा बूट माझाच होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं हात हलवत होती. माझ्या छातीवरचा ढोल आणि आतली छाती एकाच तालात वाजत होती. मनात एकच, की अब्बा ऐकतायत.

वळणावर चर्च आलं. चर्चच्या दारात एक लांबलचक काळी गाडी उभी होती. तिच्यावर पांढऱ्या फुलांचं चक्र. भोवती काळे लांब कोट घातलेले पुरुष हात बांधून, चेहरे गंभीर करून उभे. एक म्हातारी रुमालानं डोळे टिपत होती. आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे लग्नाला कुणी काळं घालून आलं तर मुलाची आई त्याला दारातूनच परत पाठवेल. मी एका क्षणात ओळखलं, दारात मयत आहे. तीन पिढ्यांचं रक्त उसळलं. स्पर्धा गेली खड्ड्यात म्हटलं, आणि मी दोन ठोके दिले.

पंचवीस माणसं जागच्या जागी गप्प झाली. बाई अजून छडी हलवत होत्या; त्या चार पावलं पुढे गेल्या आणि मग वळल्या. मी टोपी काढली, मान खाली घातली. पोस्टमननं कुजबुजत विचारलं, "कोण गेलं?" मी हळूच चर्चकडे खूण केली. त्यानं टोपी काढली आणि पुढच्याला सांगितलं. पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. बघता बघता सगळ्या बँडच्या टोप्या हातात आल्या. तिकडे त्या काळ्या कोटवाल्यांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं बँडमधलंच कुणीतरी गेलं असावं. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनीही हॅट काढली आणि छातीशी धरली. मग बाकीच्यांनीही काढल्या. अख्खा रस्ता माना खाली घालून उभा राहिला, आणि का ते त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मला भरून आलं. मला वाटलं, अब्बा, बघा. थांबायचं कुटं ते मला कळतं.

त्या शांततेत माझा ढोल ओरडला.

"आरं ए खुळ्या! थांबलास का?"

"अब्बा," मी ओठ न हलवता म्हटलं, "मयत हाय."

"डोळं फुटलं का तुजं? ती नवरी हाय! गाडीत बसलीया बघ! हातात फुलं, तोंडाला पावडर! मयताला कोन पावडर लावतंय?"

मागून शेजारच्या मावशीही म्हणाल्या, "नवरीच हाय गं बाई, किती गोरी हाय!" मी वाकून गाडीच्या खिडकीत पाहिलं. पांढऱ्या झग्यातली एक मुलगी तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता की लग्नाआधीच आपला नवरा गेला की काय. फोन नेमका त्या खिडकीच्या उंचीला होता. मला जे दिसलं नाही ते सगळ्या मावळाला टीव्हीवर दिसत होतं.

नवरीच्या दारात बँड बंद! लग्नाच्या बँडवाल्यानं याहून मोठं पाप करायचं ठरवलं तरी करता येणार नाही. ढोल तिथेच ठेवून पळून जावं असं वाटलं.

"अब्बा, आता काय करू?"

"काय करू म्हंजी? नवरी खोळंबलीया! वाजीव!"

मी तसाच उभा राहिलो.

"आरं वाजीव की! बघतुयास काय? जोरात वाजीव!"

मी वाजवलं. कागदावर होतं ते नाही. नवरदेव मांडवाच्या दारात आला की आमचे चुलते वाजवतात तो ठेका, जो मी अकरा वर्षं पायांनी ऐकला होता. साईड ड्रमवाली नर्स क्षणभर दचकली आणि मग तिनं तो उचलला. पोस्टमननं भोंग्यातून खालचा सूर धरला. ट्रम्पेटवाल्यांना काय वाजवावं कळेना, म्हणून त्यांनी त्यांचीच चाल दुप्पट वेगानं घेतली. फोनमधून आमचा भाऊ ओरडत होता, चुलते मांडीवर ठेका देत होते. डोळे टिपणाऱ्या म्हातारीनं रुमाल आधी पिशवीत ठेवला, मग परत काढला आणि हवेत फिरवायला लागली. नवरी स्वतःच गाडीचं दार उघडून उतरली आणि झगा गुडघ्यापर्यंत धरून नाचली. मला नोट ओवाळायची फार इच्छा झाली, पण दोन्ही हात कामात होते.

आमचा नंबर शेवटून पहिला आला. परीक्षकानं कागदावर लिहिलं होतं: 'मध्येच फार मोठी शांतता. कारण समजले नाही. नंतर फार मोठा आवाज. त्याचेही कारण समजले नाही.' परतीच्या बसमध्ये बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी थांबायच्या आधी मला विचारा." पुढच्या वेळी, असं म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर लग्नघरानं दिलेला केकचा डबा होता.

फोन मी विसरलोच होतो. बसमध्ये बघितलं तेव्हा तो कधीच बंद पडला होता. संध्याकाळी अम्मीचा फोन आला, की अब्बा जेवले आणि झोपले, काही बोलले नाहीत. मीही काही विचारलं नाही. एकदा म्हणाले होते ते मला पुरेसं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते काही फारसं पटलं नाही.

पुढच्या लगीनसराईत सुट्टीवर घरी आलो, तर दुसऱ्याच दिवशी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर वरात होती. निघायच्या वेळी अब्बा म्हणाले, "तुजं खुळखुळं आन." मी पिशवीतून काढून दिले. त्यांनी पेटीच्या तळातून एक जुनी चुन्याची डबी काढली. तिच्यात खडे होते. इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवले होते. ओट्यावर बसून त्यांनी दोन्ही बुचं काढली, थोडे खडे एकात टाकले, थोडे दुसऱ्यात, कानाशी धरून हलवून पाहिलं आणि डबीचं झाकण लावलं. डबीत अजून बरेच उरले होते.

"निम्मंच?" मी विचारलं.

"एकदम सगळं न्हाई," ते म्हणाले. "घोडा हाय म्होरं."

लोणावळ्यात वरात निघाली. ढोल सुरू झाला, क्लॅरोनेट सुरू झालं आणि मी पुढे होऊन मनगट झटकलं. घोडा बुजला. तीन पावलं मागे सरकला, नवरदेवानं त्याची मान धरली, करवली किंचाळली. माझे हात आपोआप खाली आले. अब्बांनी हात वर केला, दोन ठोके पडले, बँड थांबला. अब्बांनी घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत घोड्याकडे. क्लॅरोनेट बगलेत धरलं आणि घोडेवाल्याला म्हणाले, "भाऊ, घोडा बदल."